जीपमधला तात्पुरता टाका

आज चिडून लिहितोय, सांभाळून घ्या.

वडिलांच्या जुन्या जीपची चासी (खालचा लोखंडी सांगाडा) गंजली आहे. ती दुरुस्त झाली नाही तर गाडी भंगारात जाणार. त्यासाठी आधी बॉडी चासीवरून उचलावी लागते, म्हणून सकाळीच सातपूरला अन्वरभाईंच्या गॅरेजवर गेलो.

दुपारपर्यंत सगळे बोल्ट निघाले. साखळी लावून बॉडी ओढली. पुढची बाजू उठली, मागची हलेना. तासभर तेच. शेवटी अन्वरभाई गाडीखाली सरकले आणि तिथूनच ओरडले, "अहो, इथे बोल्टच नाही! सरळ वेल्डिंग मारलंय. कोण गाढव होता हा?"

मी वडिलांना फोन लावला, स्पीकरवर.

"अरे, मागून खडखड आवाज यायचा," वडील म्हणाले. "मीच म्हटलं, तात्पुरता टाका मारून दे. अन्वरनेच मारला. विचार त्याला."

गाडीबाहेर अन्वरभाईंचे फक्त पाय दिसत होते. तेही हळूच आत सरकले.

"काका," आतून आवाज आला, "पण खडखड बंद झाली होती की नाही?"

"झाली ना! पंधरा वर्षं नाही आली."

दोघंही खूश. चिडलेला मी एकटा.

टाका कापताना मागचा पत्रा वीतभर फाटला. बॉडी मात्र निघाली, आणि चासी वाचेल असं दिसतंय.

"पत्र्याची काळजी नको," अन्वरभाई म्हणाले, "सध्या एक टाका मारून देतो."

मी जोरात नाही म्हणालो. शेजारच्या गॅरेजमधले लोक बघायला लागले. तुम्ही हो म्हणाला असतात का?