धबधब्यामागचं आजोळ

वहिनीने खोकं आणून शिवणयंत्राशेजारी ठेवलं आणि पदराने हात पुसले.

"कपाटं आवरतेय. ह्यांचा व्हिडिओ गेम सापडला. अर्धा तुमचाही होता ना?"

दादाला जाऊन तीन महिने झाले होते. अल्टरवालीने (कपडे अल्टर करून द्यायची म्हणून बाजारात तिला सगळे ह्याच नावाने ओळखत) ओठांत धरलेल्या टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या.

"मला कुठे खेळता येतं?"

"रिमोट एकच आहे. दुसऱ्यासाठी फार जीव टाकला त्यांनी. दोनदा नवा आणला, पण ह्या जुन्या गेमला तो लागेच ना. तुमच्याकडे मागितला होता म्हणे."

"मागितला होता. मेलेल्या रिमोटचं लोणचं घालायचंय का, असं म्हटलं मी."

वहिनी हसली नाही. चहा नको म्हणाली आणि गेली.

दुसरा रिमोट अल्टरवालीच्याच ड्रॉवरमध्ये होता, तुटलेल्या चेन आणि जुन्या हुकांच्या खाली. माहेरचं घर रिकामं केलं त्या दिवशी खोकं दादाने नेलं आणि हा तिने गुपचूप पिशवीत टाकला होता.

लहानपणी खेळायचा दादा. ठेंगू नावाच्या हिरव्या माणसाला उड्या मारायला लावायचा. ती शेजारी दुसरा रिमोट धरून बसायची. तिने कितीही बटणं बडवली तरी पडद्यावर ढिम्म काही हलायचं नाही. फक्त गेममधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या धबधब्यापाशी दादा ओरडायचा, "आता लाल दाबून धर. सोडलंस तर बघ." ती धरायची, ठेंगू पाण्यात उडी घ्यायचा आणि थेट पलीकडे निघायचा. तिथे एकही शत्रू नव्हता. कोपऱ्यातलं घड्याळ थांबलेलं. झाडं नुसती फळांनी लगडलेली.

सुट्टी लागली की वर्गातल्या सगळ्या मुली आजोळी जायच्या. ह्या दोघांच्या आईचं माहेर तुटलेलं. त्यामुळे आजोळ हा शब्द घरात कुणी काढायचं नाही. ती जागा पहिल्यांदा दिसली तेव्हा अल्टरवाली म्हणाली, "हे आपलं आजोळ." नाव तेच पडलं.

तिथे पोचलं की दादा कोपराने तिच्याकडचं बटण दाबून धरायचा, खरा रिमोट तिच्या हातात द्यायचा आणि मेलेला आपण घ्यायचा. "पळ. पोटभर खा." मग त्याच बटणावर अंगठा रोवून गप्प बसायचा. दहाव्या वर्षी तिच्या डोक्यात प्रकाश पडला. दादाने आपल्याला गप्प बसवायला हा खुळखुळा दिलाय, आणि नाटक उघडं पडू नये म्हणून स्वतःही तो धरून बसतोय. हा राग तिने लोणी चारून वाढवला. रिमोट मागितला तेव्हा दादा फोनवर म्हणाला होताही, "अगं, तो मेलेला नाहीये." ती म्हणाली, "हो, हो. तू तेवढा शहाणा." तसा तो रिमोट तिला त्याला द्यायचा होता. राहून गेलं.

सोमवारी तिने सगळं दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने ब्रशने धूळ झाडली, दोन्ही रिमोट लावून पाहिले.

"दोन्ही ठणठणीत आहेत, ताई."

"दुसरा मेलेला आहे."

"मग माझ्या हातात जिवंत झाला म्हणायचं."

"पडद्यावर तर काही होत नाही त्याने."

"काही गेममध्ये असतं असं. दुसऱ्या रिमोटचं काम एखाद्याच जागी येतं. चोरजागा असते ना, तिथे. एकट्याला तिथे जाताच येत नाही."

ती खोकं काखेत मारून तशीच उभी राहिली. मागचं गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, सरकता का जरा?"

रविवारी दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत तिने गेम लावला. धबधब्यापर्यंत यायलाच तासभर गेला. मग डाव्या हाताने दुसऱ्या रिमोटचं लाल बटण धरायचं आणि उजव्याने उडी मारायची, हे काही जमेना. ठेंगू सात वेळा दगडावर आपटला. आठव्यांदा तिने कापड कापायची जड कात्री उचलून बटणावर ठेवली.

ठेंगू पलीकडे गेला. तीच झाडं. तीच फळं. तिने त्याला चार पावलं पळवलं तोच कात्री घसरून फरशीवर पडली, आणि आजोळची जमीन पायाखालून निघून गेली. ठेंगू धबधब्याच्या बाहेर.

म्हणजे आत गेल्यावरही ते बटण धरून ठेवावं लागत होतं. ती पोटभर फळं खात होती तितका वेळ. एकदा दादाच्या अंगठ्यावर लाल वळ उठला होता आणि तो फुंकर घालत बसला होता, तेव्हा ती त्याला "नाटकी" म्हणाली होती.

पुन्हा कात्री, पुन्हा उडी. आत पोचल्यावर तिने पहिला रिमोट अलगद खाली ठेवला. कात्रीखाली अंगठा सरकवून कात्री बाजूला केली आणि बटण स्वतः धरलं. ठेंगू झाडाखाली उभा राहिला. त्याला चालवायला कुणी नव्हतं. घड्याळ थांबलेलं होतं.

पुढच्या दारावर टकटक झाली. "ताई, पँट झाली का? संध्याकाळी घालायचीय."

अंगठ्याचं टोक पांढरं पडलं होतं.

"हात गुंतलेत," ती आतूनच म्हणाली. "थांबा जरा."