नटी जपानी हवी, मग आवाज परळचा चालेल?

मंडळी, आज सकाळी घरात चांगलीच जुंपली.

माझी मुलगी श्वेता डबिंग करते. एका जपानी अ‍ॅनिमेचा, म्हणजे कार्टूनपटाचा, हॉलिवुडने खरे नट घेऊन रिमेक केलाय. त्यातल्या नायिकेच्या मराठी आवाजासाठी आज तिची ऑडिशन होती. मुख्य भूमिकेची पहिलीच संधी. ट्रेलर दाखवायला ती माझ्याकडे आली, कारण कुठलाही क्लास न लावता जपानी शिकलेला आमच्या चाळीत मी एकटाच.

मी ट्रेलर मध्येच थांबवला. "नायिका ओसाकाची आणि नटी गोरी अमेरिकन? वर किमोनोची उजवी बाजू डावीवर! जपानमध्ये तसा मेलेल्या माणसाला घालतात. तू जायचं नाहीस."

"पप्पा, ती जपानी नाही म्हणून चालत नाही ना? मग मी कुठे जपानी आहे? मूळ अ‍ॅनिमेच्या मराठी डबिंगला बोलावलं असतं तर चाळभर पेढे वाटले असते तुम्ही!"

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "घ्या, द्या आता उत्तर."

श्वेता डबा न घेताच निघून गेली. अजून फोन नाही, मी केला तर उचलत नाही.

किमोनोबद्दल मी माघार घेणार नाही. पण चेहरा परका नको आणि आवाज परका चालेल, हे तिला कुठल्या तोंडाने सांगू? तुम्ही काय सांगितलं असतं?