खोट्या नवऱ्याची बातमी

माझा नवरा गेला हे मला कोणी सांगितलंच नाही. धुळ्याला कामावर असताना त्यांच्या छातीत दुखलं, तिथेच अ‍ॅडमिट केलं. मी जळगावात. धाकट्या दिराला फोन लावला की एकच, "काही व्हयनं नही वहिनी, भाऊ बरा शे." मी निघते म्हटलं तर म्हणे, आम्हीच घेऊन येतो. दुपारी शेजारणीने येऊन माझा गॅस बंद केला आणि बाहेर गल्लीत कोणी प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायला लागलं. त्या खुर्च्यांवरून मला कळलं.

आपल्याकडे रीतच आहे ही. बाईला धक्का बसू नये म्हणून घरचे-दारचे बठ्ठे मिळून गप्प. बरं, धक्का बसलाही नाही. काहीच वाटलं नाही. बाकीच्या रडत होत्या म्हणून मीही रडले, मग पुन्हा मशीनवर ब्लाउज शिवायला बसले. कोणी विचारलं तर 'ते नसतात आता' म्हणायचे, जसे काही बदली होऊन गेलेत. वारले हा शब्द माझ्या तोंडून कधी निघालाच नाही.

माझी एक गिऱ्हाईक बाई नर्सिंग कॉलेजात शिकवते. डॉक्टर-नर्सेसची एक संस्था आहे, तिचं कामही करते. खऱ्या माणसाला हात लावायच्या आधी रबरी पुतळ्यावर शिका, खोट्या नातेवाइकांशी बोलून बघा, असं ही संस्था गावोगाव शिबिरं घेऊन शिकवते. ती म्हणाली, "पेशंटची बायको व्हाल का? नवरा गेल्याचं नवे डॉक्टर तुम्हाला येऊन सांगतील. झेपेल ना पण?"

"त्यात काय झेपायचंय? मला काही होत नाही," मी म्हटलं. आणि होत नव्हतंच. जळगावच्या शिबिरात दिवसभर विधवा होऊन मी संध्याकाळी भाजी घेऊन घरी आले.

मग धुळ्याला शिबिर निघालं. पारोळ्यापर्यंत मी एसटीत चक्क झोपले होते. शिबिरात एका खोलीत रबरी नवरा चादरीखाली, बाहेर मी खुर्चीवर, आणि काचेपलीकडे बाकीचे बघायला. संस्थेचे दोन नियम. डॉक्टरने 'वारले' हा शब्द स्पष्ट उच्चारायचा. आणि खेळ संपला की मी मोठ्याने म्हणायचं, "मी ती बाई नाही. हे नाटक होतं." नाहीतर सोंग अंगात राहतं म्हणे. मी ते दर वेळी घडाघडा म्हणून टाकायची.

पोरं एकेक येत होती. एकाने हृदयाचं चित्रच काढून दाखवलं. एक नुसताच सॉरी म्हणत राहिला. एकाने विचारलं, "सोबत कोणी पुरुषमाणूस आहे का?" अस्सा राग आला मला! अरे मेल्या, नवरा माझा ना? मग मला सांग की!

शेवटी एक मुलगी आली, बोलण्यावरून फैजपूरकडची वाटली. तिने खुर्ची जवळ ओढली, समोर बसली. "अक्का, वाईट बातमी आहे. तुमचे मिस्टर वारले."

एवढंच बोलून थांबली. नजरही हलवली नाही तिने.

मला दिलेल्या कागदात नव्हतं ते मी विचारलं. "जवळ कोण होतं त्यांच्या?"

"मी होते, अक्का. शेवटपर्यंत."

खोटंच होतं ते. आत रबर पडलेलं. तरी मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

खेळ संपला. मुलगी उठून दारापर्यंत गेली. मी काही बोलेना, तेव्हा माझी गिऱ्हाईक बाई पुढे झाली. "म्हणा ना, मी ती बाई नाही."

"मी तीच बाई आहे," मी म्हणाले. "माझे मिस्टर वारले. इथेच, धुळ्याला."

ती मुलगी दारातून परत आली, पुन्हा समोर बसली आणि हळूच तिने मला विचारलं, "जवळ कोण होतं त्यांच्या, अक्का?"

"माहीत नाही गं," मी म्हटलं. "मला कोणी सांगितलंच नाही." आणि मग मला रडू आलं.