मला गोवर आला नव्हता

गेल्या गुरुवारी राजाजीनगरातल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये माझं माझ्याच रक्ताशी भांडण झालं. अजून पुरतं मिटलेलं नाही...

आमच्या वरच्या मजल्यावर पुण्याची ईशा राहते, संशोधन करते. लहानपणीच्या आजारांची खूण म्हातारपणी रक्तात किती उरते, हा तिचा विषय. महिन्यापूर्वी तिने आम्हा सत्तरीपुढच्या मंडळींचं रक्त घेतलं आणि एक फॉर्म भरून घेतला.

गोवर आला होता का? मी ठळक अक्षरात लिहिलं, नाही. तो आला होता अक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला. त्यात तिचा डावा कान गेला. मला मामाकडे धाडलं होतं म्हणून मी वाचलो... घरात हेच ऐकत वाढलो.

गुरुवारी रिपोर्ट देताना ईशा म्हणाली, "काका, फॉर्ममध्ये काही चुकलंय का? तुम्हाला गोवर येऊन गेलाय."

मी जरा दुखावलोच. चौथीच्या पुस्तकातल्या कविता मला अजून ओळीने पाठ आहेत... म्हटलं, "तुमची नळी बदलली असेल."

"दोनदा टेस्ट केली, काका."

मग तिने समजावलं. रक्त गोठल्यावर जे पिवळसर पाणी सुटं होतं ते सीरम. त्यात ग्लोब्युलिन नावाची प्रथिनं असतात. त्यांतली काही एकेका आजाराशी लढायला तयार होतात, आणि गोवराची तर जन्मभर टिकतात. लस घेतली होती का, असंही तिने विचारलं. निपाणीकडच्या आमच्या खेड्यात तेव्हा कुठली लस...

डोकं चालेना. घरी येऊन गावी अक्काला फोन लावला. "अक्का, मला गोवर आला होता?"

तिने उलट मलाच विचारलं, "कोण सांगितलं तुला?"

"रक्तानं."

"आधी तुलाच की रे. तापात माझ्या कुशीतनं हलायचा नाहीस. तू उठून खेळायला लागलास, अन् मी पडले. मग तुला मामाकडं धाडलं. आई म्हणाली, पोराला सांगायचं नाही, माझ्या कानाचं मनाला लावून घेईल."

शाळेतली एकेक कविता मी तिच्या उजव्या कानाशी म्हणून पाठ केली होती. डावा कुणामुळे गेला, हे तिला तेव्हाही ठाऊक होतं...

"अक्का, माफ कर," कसंबसं म्हणालो.

"काय की बाबा, ऐकू येत नाही बघ."

फोन उजव्या कानालाच होता. ती नेहमी तिकडेच धरते.

शुक्रवारी वर जाऊन फॉर्मवरचं 'नाही' खोडलं. एवढं सोपं होतं. पण अक्काची माफी मागायची की आभार मानायचे, ते अजून कळत नाही... रोज सकाळी फोन लावतो, आणि कविताच म्हणतो.