गोधडीतला मसालेभात

मायक्रोबायोलॉजी शिकणाऱ्या पोरीला आमच्या घरात फार मान आहे. म्हणजे वायफाय बंद पडलं की मलाच बोलावतात.

त्या रविवारी ताईची सुपारी फुटणार होती. मुलाकडचे वणीहून येणार, पण राहुकाळात उंबरा ओलांडायचा नाही म्हणून सहानंतर. आचाऱ्याला संध्याकाळी दुसरीकडे हळद होती, तो दुपारीच मसालेभात करून पसार. मग काकांनी ते भलंमोठं पातेलं गोधड्यांत गुंडाळलं. म्हणे गरम राहील.

चारला मी झाकण उघडून हात लावला. गरम कसला, तान्ह्या बाळाच्या अंघोळीइतका कोमट. सगळं सेमिस्टर मी हेच करत होते: बॅक्टेरियाचे स्पोअर, म्हणजे कवचात झोपलेले बॅक्टेरिया, झोपेतून उठवणं. तांदळात ते असतातच. कोरड्या पोत्यात वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात. उकळलं तरी मरत नाहीत, उलट त्या उष्णतेनं त्यांची झोप चाळवते. मग ओलावा, ऊब, खायला थोडी साखर आणि थोडी अमिनो आम्लं मिळाली की कवच फोडून बाहेर, आणि वाढता वाढता विष सोडतात. लॅबमध्ये एवढी सोय करायला आम्हाला इन्क्युबेटर लागतो. काकांनी गोधडीत भागवलं.

मी हे सगळं एका दमात सांगून टाकलं.

"उकळलं की मेलं," काका म्हणाले. "आणि एवढ्या थंडीत काय खराब होतंय?"

"थंडी बाहेर आहे काका. भाताला तुम्ही गोधडी दिलीय."

"मग परत गरम करू."

"ते विष गरम करून जात नाही."

"अगं, आजच्या दिवशी विष-बिष बोलू नये," काकू म्हणाली. झालं, अपशकुन पण मीच.

ताई आतून ऐकत होती. तिला हा मुलगा मनापासून आवडलेला. पाहुण्यांना आमच्याकडे जेवून उलट्या झाल्या असत्या तर सोयरीक तिथेच संपली असती. ती अर्धवट नेसलेल्या साडीत बाहेर आली आणि मला म्हणाली, "तांदूळ धू."

शेजारचे कुकर आणले, शिट्ट्यांनी घर दणाणलं. काकांना हा स्वतःचा अपमान वाटला. माझ्यासमोर उभं राहून त्यांनी गोधडीतला भात दोन ताटल्या हाणला.

"बघ. मेलो का?"

"थांबा थोडं."

पाहुणे आले, जेवले. मुलाची आई म्हणाली, भात जरा गिचका आहे, पण गरम आहे. सुपारी फोडायची वेळ आली तर घरातले मोठे म्हणून मान असलेले काका बाथरूममध्ये. आतून येणारे आवाज झाकायला काकूनं टीव्ही लावला. सुपारी बाबांनी फोडली. ताई हसत होती, आणि तिच्या सासरचे सगळे ठणठणीत वणीला परत गेले.

दुसऱ्या दिवसापासून काका भावकीत फोन करून सांगतायत की पोरींनी घाईत लावलेला कुकरचा भात कच्चा राहिला, म्हणून त्यांना बाधला. त्या भाताचं एक शीतही त्यांनी तोंडात घातलं नव्हतं.