मामांनी पारखलेली तीनचाकी

बहात्तरच्या दुष्काळात आमचं गाव रोज सकाळी रिकामं व्हायचं. पाटी, कुदळ, फावडं आणि भाकरीचं फडकं घेऊन सगळे डोंगराच्या पायथ्याला तलावाच्या कामावर जायचे. मागं उरायचो आम्ही: काही म्हातारी माणसं, कुत्री आणि मी. म्हातारी माणसं झोपायची. कुत्रीसुद्धा दुपारपर्यंत कंटाळून तलावावर जायची, कारण तिथं भाकरीचे तुकडे मिळायचे. मी मात्र ओसरीवर बसून राहायचे. लहानपणी तापात माझ्या दोन्ही पायांतलं वारं गेलं होतं. त्या वर्षी मी अठरा वर्षांची होते.

गावात जे काही घडायचं ते आता तलावावर घडायला लागलं होतं. भांडणं, सोयरिकी, कोण कुणाकडं बघून हसलं, सगळं तिकडं. संध्याकाळी आई येऊन मला सांगायची, पण आईला सांगता यायचं नाही. "त्या दोघी भांडल्या," एवढंच म्हणायची. कशावरून, आधी तोंड कुणी उघडलं, मधे कोण पडलं, असं विचारलं की म्हणायची, "म्या पाटी उचलत होते." मला अक्षरशः रडू यायचं. एवढं चांगलं भांडण वाया गेलं म्हणून.

अशात तलावावरच्या मुकादमानं आईजवळ निरोप दिला. बाया तान्ही लेकरं लिंबाखाली निजवून काम करायच्या. त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक म्हातारी नेमली होती, पण लेकरांच्या आधी तिलाच झोप लागायची, आणि एका लेकरानं मूठभर मुरूम खाल्ला होता. "तुझी लेक तर बसूनच असती. तिला हे काम देतो," मुकादम म्हणाला होता. "पण रोज आली पाह्यजे. अन् तिला उचलून आणायला कामावरलं माणूस सोडणार न्हाय." बसून असणं हा गुण धरून मला कुणी बोलावण्याची ती पहिलीच वेळ. मला ते काम हवं होतं. इतकं हवं होतं, की जेवताना मी एक शब्द बोलले नाही आणि आईनं ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावून बघितला.

"म्या नेते की," आई म्हणाली. तिनं नेलंही असतं. आधी कडेवर आणि मग पाठुंगळी घेऊन तिनं मला सातवीपर्यंत शाळेत पोचवलं होतं. तुळजापूरच्या देवळाच्या पायऱ्यासुद्धा ती मला घेऊन उतरली होती आणि चढली होती. पण आता मी अंगानं तिच्याएवढी झाले होते, आणि तलावाची वाट शेतांतून, ओढ्यातून जाणारी. तुझ्या पाठीवर बसून मी कामाला जाणार नाही, असं मी सांगितलं. तिला ते लागलं. दोन दिवस ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली.

वडील त्या वेळी घरात नव्हते. आमची आणि मामांची बैलं घेऊन ते जनावरांच्या छावणीवर राहायला गेले होते. घरचा कारभार मामांकडं, म्हणजे आईच्या थोरल्या भावाकडं होता. मामा बैलांचे नावाजलेले पारखी. कळंबच्या बाजारात लोक आधी मामांना शोधायचे आणि मग बैल. पण दुष्काळात सगळे विकायलाच निघालेले, घ्यायला कुणी नाही, त्यामुळं मामांची पारख तशीच पडून होती. ते दिवसभर दारातल्या रिकाम्या गव्हाणीकडं बघत बिड्या ओढायचे.

तेवढ्यात सोसायटीचे चेअरमन बातमी घेऊन आले. सोलापूरच्या कुणा दानशूर मंडळींनी अपंगांसाठी दोन गाड्या तालुक्याला पाठवल्या होत्या. त्या कळंबच्या गोदामात होत्या आणि त्यांतली एक आमच्या गावाला मिळणार होती. "जाऊन पसंत करून घ्या," चेअरमन म्हणाले. पसंत हा शब्द कानावर पडताच मामा उठले आणि पटका बांधायला लागले.

मामांनी मला एसटीनं कळंबला नेलं. गोदामात मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, पोत्यांआड दोन्ही गाड्या उभ्या होत्या. एक चकचकीत खुर्ची. मागं दोन मोठी चाकं, पुढं वाटीएवढी दोन छोटी, आणि काळ्या रेक्झिनचं आसन. दुसरी तीनचाकी सायकल. रंग उडालेला, लाकडी फळीची बैठक, आणि हातानं दांडा फिरवला की साखळीवर चालणारी. खुर्ची बघताक्षणी माझं मन तिच्यावर बसलं. असलं आसन मी फक्त कळंबच्या डॉक्टरांकडं पाहिलं होतं.

मामांनी बाजारात करायचे तेच केलं. आधी दोन्ही गाड्यांकडं अजिबात बघितलं नाही. कारकुनाला पाऊसपाण्याचं विचारलं, जे त्या वर्षी कुणीही कुणाला विचारत नव्हतं. मग सहज फिरल्यासारखं करत खुर्चीच्या मागं गेले, तिच्या पाठीवर थाप मारली, वाकून पोटाखाली बघितलं, चाकं दोन्ही हातांनी दाबली.

"खोड काय हाय हिला?" त्यांनी विचारलं.

"मामा, लोखंड हाय. लोखंडाला कसली खोड?" कारकून म्हणाला.

"इकणारे समदे असंच म्हणत्यात. चालवून दावा."

कारकुनानं मला खुर्चीवर बसवून गोदामापुढच्या मोकळ्या जागेत ढकललं. थोडं पुढं जातो न जातो तोच एका खड्यावर पुढचं चाक अडलं, खुर्चीनं मान खाली घातली आणि मी सरळ धुळीत जाऊन पडले. मला उचलायला कारकून धावला. मामा चाक बघत होते.

"बघितलं का? पुढचे पाय बारीक. रानात उतरली की गुडघ्यावर येनार."

"मला हीच पाह्यजे," तोंडातली माती पुसत मी म्हणाले.

"रंगावर जाऊ नगं पोरी. हिला काय दारात बांधून बघत बसायचंय?"

मी फुरंगटून तीनचाकीवर बसले. बसले आणि दांडा फिरवला. गाडी हलली. आणखी फिरवला, तर ती पार लिंबाच्या झाडापर्यंत गेली. मी झाडाला वळसा घातला आणि परत आले. मागं वळून बघितलं, तर कुणी धरलेलं नव्हतं. कारकून आणि मामा होते तिथंच उभे होते. मी पुन्हा गेले. पुन्हा आले. शेवटी कारकुनानं गोदाम बंद करायचंय म्हणून सांगितलं, तेव्हा कुठं मी थांबले. रेक्झिनची आठवणही उरली नव्हती. मामांनी फळीवर थाप मारली आणि म्हणाले, "ही मेहनती हाय."

एसटीच्या टपावर टाकून तीनचाकी गावात आणली. आईनं पुढच्या चाकाला हळदीकुंकू लावलं, ओवाळलं. बैलांची घुंगरमाळ खुंटीला नुसतीच लटकत होती, ती मामांनी दांड्याला बांधली. दुसऱ्या दिवशी तलावाला सुट्टी होती, म्हणून सगळं गाव चाचणी बघायला जमलं.

गल्लीत गाडी झकास चालली. गावाबाहेर काळ्या रानाला भेगा पडलेल्या. पहिल्याच भेगेत पुढचं चाक गेलं. मामांनी ते बाहेर काढलं आणि बांधाकडेची घट्ट वाट शोधून दिली. तिथून मी घुंगरं वाजवत ओढ्यापर्यंत पोचले आणि वाळूत उतरले. वर्षभर पाणी न पाहिलेली ती भुसभुशीत वाळू. मी दांडा फिरवायची, साखळी फिरायची, चाकंही फिरायची, पण गाडी पुढं न जाता खाली जायची. काठावरचे एक आजोबा म्हणाले, "थांबवू नका तिला. अशीच फिरवत राह्यली तर पानी लागंल."

मग सल्ल्यांना ऊत आला. कुणी चाकाखाली पोती अंथरली, ती चाकांनी मागं फेकली. कुणी चाकांना गवताचा पिळलेला वेठ गुंडाळला, तो साखळीत अडकला. दहा जणांनी मिळून ढकललं तेव्हा मी ओढा पार केला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दहाही जणांच्या कमरा धरल्या होत्या. मुकादमानं निरोप पाठवला, की येत्या बाजारापर्यंत वाट बघतो, मग दुसरं माणूस ठेवतो. तेवढ्या ओढ्यातून गाडी ओढून न्यायला एक बैल पुरला असता. पण गावात एकही बैल शिल्लक नव्हता.

"आमची गाढवं रोज रिकामीच जात्यात की तलावावर," शेजारची कुंभारीण म्हणाली. तिची गाढवं तिथं भरावावर मुरूम वाहायची. "एक जुपा तिच्या गाडीला."

आईच्या हातातली परात खाली आदळली. "गाढव? माझ्या लेकीची काय धिंड काढायची हाय का गावातून?"

गाढव आणि धिंड हे आमच्याकडं एकाच दमात म्हणायचे शब्द. मामांनी हा प्रश्न संध्याकाळी सोसायटीच्या ओट्यावर नेला. वाळूत पाणी लागेल म्हणणाऱ्या आजोबांनी निजामाच्या काळात एक धिंड डोळ्यांनी पाहिली होती, त्यांची साक्ष झाली. तोंड गाढवाच्या शेपटीकडं लागतं, तोंडाला काळं लागतं, गळ्यात खेटरांची माळ लागते. "आन् मुख्य म्हंजी गाढवावर बसावं लागतं," मामा म्हणाले. "आमची पोरगी गाढवाच्या मागं बसनार. गाढवाच्या मागं तर कुंभार रोजच चालतोय, त्याची कुठं धिंड निघती?" चेअरमनला दोन माणसं समोर दिसली की ठराव केल्याशिवाय राहवायचं नाही. सदरहू गाडीस गाढव जुंपणे ही धिंड समजण्यात येऊ नये, असा ठराव त्यांनी मांडला. सूचक मामा, अनुमोदक आजोबा, सर्वानुमते मंजूर.

मामांनी घरी येऊन ठराव सांगितला, तेव्हा आई चुलीपुढून म्हणाली, "दादा, त्यास्नी म्हनावं ठराव आपापल्या लेकींसाठी करा."

मग ती माझ्याकडं वळली. "लोक हसतील गं."

"हसू दे," मी म्हणाले. "हितं बसल्यावर मला कुनी हसायलाबी येत न्हाय."

हे मी ठरवून बोलले नव्हते. आई बराच वेळ तव्यावरची भाकरी उलटत राहिली, आणि ती भाकरी करपली.

सकाळी ती आमच्या आधीच एकटी निघून गेली. तिला ते बघायचं नव्हतं. मामांनी बैलाच्या गळ्यातलं जुनं जोतं कापून गाढवाच्या छातीला पट्टा केला, दोन दोर गाडीला बांधले, आणि कुंभारणीनं "हुर्र" केलं. गाढवानं ओढा असा काही ओलांडला, की तिथं वाळू आहे हे त्याला कुणी सांगितलंच नसावं. मी हसत सुटले. पलीकडं गेल्यावर दोर सोडायचा आणि तिथून लिंबापर्यंत मी माझ्या हातानं जायचं, असं ठरलं होतं.

पण ओढीनं गाठ आवळून बसली, ती काही सुटेना. गाढवाला पुढं आपली रांग दिसली आणि ते घुंगरं वाजवत रांगेत घुसलं. मुरूम भरलेली गाढवं पुढं, मुरूम भरलेली गाढवं मागं, आणि मधे मी. कुंभारीण ओरडत मागून पळत होती, मामा तिच्या मागून. गाडीला ब्रेक नव्हता. आम्ही भराव चढून अगदी माथ्यावर गेलो, जिथं खेप रिकामी करायची तिथं गाढव थांबलं. तिथले दोन गडी खाली मान घालूनच काम करायचे. एकानं सवयीनं हात घातला, तो माझ्या दंडाला लागला. त्यानं वर बघितलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

मजुरीच्या हिशेबाला दर खेपेमागं मुकादम पत्र्याचा एक बिल्ला द्यायचा. बिल्ला पुढं करतच त्यानं विचारलं, "ही खेप कुनाची?"

सगळा तलाव हसला. भरावावरचे, खाणीतले, रोलरवरचा ड्रायव्हरसुद्धा. "गाढव माझं, खेप माझी," धापा टाकत कुंभारीण म्हणाली. "टाका बिल्ला." मीही हसत होते, पण मान वर करत नव्हते. पाट्या घेऊन येणाऱ्या बायांच्या रांगेत आई होती आणि मला तिच्याकडं बघायचा धीर होत नव्हता. ते दोन गडी मला उचलून खाली न्यायला पुढं सरकले.

आईनं डोक्यावरची पाटी तिथंच ओतली. पदरानं तोंड पुसत ती रांगेतून बाहेर आली आणि माझ्या गाडीपाशी उभी राहिली.

"खेप माझी हाय," ती मुकादमाला म्हणाली. मग त्या गड्यांकडं वळली. "हात लावू नगा तिला. तिची ती जाती."

तिनं खाली बसून ती गाठ दातांनी सोडवली. धुम्मसानं ठोकून ठोकून भराव असा कडक झालेला, की आख्ख्या तालुक्यात तसा रस्ता नव्हता. मी दांडा फिरवला आणि माथ्यावरून, मग उतारावरून, थेट लिंबाखाली गेले. म्हातारी झोपली होती. तिला न उठवता मी कामाला लागले. दुपारपर्यंत एका लेकरानं माझी वेणी ओली केली, दुसऱ्यानं मांडी, आणि माझ्यासमोर दोन भांडणं पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत झाली. सुट्टी झाल्यावर मुकादम येऊन लेकरांच्या मुठी उघडून बघून गेला. कुणाच्याही मुठीत मुरूम नव्हता. "उद्या वेळंवर ये," तो म्हणाला.

परतीला ओढ्यात गाढवाची गाठ आईनंच बांधली आणि पलीकडं तिनंच सोडली. तिथून ती पुढं चालायला लागली आणि मी मागून माझ्या हातानं येत होते. सकाळी ती कामाला निघायची तेव्हा गल्लीच्या वळणापुरती दिसायची; आईला अशी पाठमोरी, एवढा वेळ चालताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. लांबच्या वाटेला ती चालायची तेव्हा मी तिच्या अंगावर असायचे. तिची डावी कंबर बाहेर निघालेली होती आणि डावा हात मागं वळून कुणाला तरी सावरून धरल्यासारखा राहिला होता.

"आये," मी हाक मारली, "हात सोड की मोकळा."

तिनं थांबून हाताकडं बघितलं. तो खाली सोडला, जरा झटकला, आणि चालायला लागली. थोडं पुढं गेल्यावर तो हात परत कमरेमागं गेला.