लाल फुलाचे दोन चेंडू

मेंग मालसुनला नावाने हाक मारणारं आता एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे प्यो गुरुजी. बाकी सगळ्यांची ती नुसती ताई. गुन्सानच्या किनाऱ्यावर, जुन्या मिठागरांच्या जागी झालेल्या गोल्फच्या मैदानावर ती कॅडी होती. दिवसभर दुकानं सांभाळून मंडळी संध्याकाळी यायची, उंच खांबांवरचे दिवे लागायचे आणि चौघांमागे एक ताई अशी गाडी निघायची. ताईने स्टिक द्यायच्या, हरवलेले चेंडू शोधायचे आणि येईल त्याला साहेब म्हणायचं, मग तो असो वा नसो.

घोटाळा व्हायचा तो गुरुजींपाशी. त्यांनी तिला तिसरीत पाढे शिकवले होते. आता तेच मान कलती करून विचारायचे, "मालसुन, किती नंबरची स्टिक घेऊ ग?" तेव्हा उत्तर द्यावं की आधी वाकून नमस्कार करावा, हे तिला इतक्या वर्षांत सुधरलं नव्हतं. ती दोन्ही एकदम करायला जायची आणि हमखास चुकीची स्टिक द्यायची.

गुरुजींना हल्ली नीट दिसत नव्हतं. त्यात दिव्यांच्या उजेडात एकेका चेंडूला चार सावल्या पडतात. गुरुजी कधीकधी सावलीवरच नेम धरायचे, मग मालसुन त्यांचं कोपर धरून त्यांना वळवायची. चेंडू ओळखता यावा म्हणून ते त्यावर लाल फूल काढत, पोरांच्या वहीवर शाबासकीचं काढत तसलंच.

त्या रात्री औषधवाले योम गाडीत उकडलेलं अंडं सोलत म्हणाले, "गुरुजी, तुमच्या हरवलेल्या चेंडूंचं समुद्रात एखादं बेट व्हायचं." बर्फवाले बान आणि योमचा मेहुणा खो खो हसले. गुरुजीही हसले आणि म्हणाले की आज एक जरी हरवला तर उद्यापासून मी घरी बसतो. सगळ्यांना ती थट्टाच वाटली. मालसुनला मात्र ती थट्टा वाटली नाही. बायको गेल्यापासून गुरुजी एकट्यापुरता भात लावत आणि भिंतीकडे बघत जेवत, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. आठवड्यातून एकदा ते माणसांत यायचे, ते इथेच.

बांधाजवळच्या आखूड खेळीला, जिथे झेंड्याखालचा खळगा एका फटक्याच्या अंतरावर असतो, समुद्रावरून धुकं आलं. गुरुजींनी फटका मारला, चेंडू दिव्यांच्या झोतात वर गेला आणि पुन्हा कुणाला दिसला नाही. बाकी तिघांचे चेंडू झेंड्याच्या आसपास पडलेले. सगळ्यांनी गवत धुंडाळलं, वाळू धुंडाळली. मागची टोळी खोळंबून उभी होती. गुरुजी भलत्याच दिशेला टक लावून बघत होते. मग त्यांनी हातमोजा काढायला घेतला.

"मालसुन, माझ्या स्टिक भरून ठेव," ते म्हणाले.

पुढे जे झालं ते आपण केलं की आपल्या हाताने, हे तिला अजूनही सांगता येत नाही. गुरुजींचे जादा चेंडू तिच्याच खिशात असत. त्यातला एक तिने पायाच्या आडोशाने गवतात सोडला. "गुरुजी, सापडला."

गुरुजींचा चेहरा असा उजळला की तिला धन्य धन्य वाटलं. त्यांनी मोजा परत चढवला, तिने कोपर धरून वळवलं, त्यांनी चेंडू झेंड्याजवळ आणला. तेवढ्यात बान यांनी आपला चेंडू खळग्यात घातला, काढायला वाकले आणि दोन चेंडू घेऊन वर आले. दुसऱ्यावर लाल फूल होतं. आणि गुरुजींच्या पायाशी पडलेल्या चेंडूवरही लाल फूल होतं.

एका फटक्यात चेंडू आत गेला की तिथे सगळे खेळणारे कॅडीसकट खळग्यापुढे डोकं टेकतात. ज्यांनी पाहिलं त्यांचीही तीन वर्षं चांगली जातात म्हणे. मालसुनला असं डोकं टेकायचा योग कधी आला नव्हता. आज तो आला होता, आणि तिनेच त्यावर पाय दिला होता.

बान एकदा या चेंडूकडे बघत, एकदा त्या. "हा आत होता. मग हा बाहेरचा कुठून आला?"

योम हसू लागले आणि मध्येच थांबले. "गुरुजी, तुम्ही अंडं घातलंत?"

खिशातून चेंडू सोडण्याला त्या लोकांत अंडं घालणं म्हणतात आणि याहून मोठी नामुष्की तिथे नाही. बोलावं तर नोकरी जाणार. न बोलावं तर गुरुजींची अब्रू जाते. तिला रडू येत होतं आणि आत कुठेतरी भलताच आनंदही होत होता, आणि दोन्हींचं काय करावं ते कळत नव्हतं.

गुरुजींनी चेंडू डोळ्यांशी नेला. मग तिच्या दिशेने पाहिलं. "हो, मीच टाकला," ते म्हणाले. "घरी बसायची भीती वाटली."

कुणी थट्टा केली नाही. सगळे गाडीकडे चालू लागले, गुरुजी सगळ्यांत मागे. मालसुनला ते बघवेना. तिने टोपी काढली, ओल्या गवतात गुडघे टेकले आणि खळग्यापुढे कपाळ जमिनीला लावलं.

"साहेब, तो चेंडू मी टाकला," ती तशीच ओणवी म्हणाली. "गुरुजींचा पहिल्याच फटक्यात आत गेला होता."

मग योम परत आले आणि तिच्या शेजारी गुडघे टेकून वाकले. पाठोपाठ बान आणि मेहुणा. मागची टोळी लांबून ओरडत होती की तिथे चाललंय तरी काय.

गुरुजी मात्र उभेच होते, जरासे बांधाकडे तोंड करून.

"मालसुन," त्यांनी हळूच विचारलं, "तो खळगा नक्की कुठल्या बाजूला आहे ग?"

ती उठली, त्यांचं कोपर धरलं आणि त्यांना वळवलं.